खिदमत आणि बिल्ला

सेवा करणाऱ्याने आपल्या सेवेची खूण मिरवावी का? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण कोटावरचा बिल्ला, व्यासपीठामागचा फलक आणि वाटपाच्या वेळचा फोटो यांचा संबंध शेवटी देणाऱ्याच्या नियतशी, म्हणजे त्याच्या हेतूशी येतो.

रोटरी क्लबचे उदाहरण घेऊ. 23 फेब्रुवारी 1905 रोजी शिकागो शहरात पॉल हॅरिस या वकिलाने तीन परिचितांना घेऊन हा क्लब सुरू केला. बैठका आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत होत, म्हणून 'रोटरी' हे नाव पडले आणि चाक हे बोधचिन्ह ठरले. आरंभी ते गाडीचे साधे चाक होते. पुढे त्याला 24 दाते आले आणि ते यंत्रातले चाक झाले. तरी एक उणीव राहिलीच. चाकाच्या मध्यभागी खाच नव्हती. या खाचेत चावी बसते आणि चाक आसाशी जखडले जाते. ती नसेल तर चाक नुसतेच फिरते, शक्ती पुढे पोहोचत नाही. यंत्र जाणणाऱ्यांनी हे दाखवून दिले आणि 1920च्या दशकात चिन्हात ती खाच घालण्यात आली.

मला या चिन्हात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. आपल्या परिभाषेत ही चावी म्हणजे नियत. सूरह बकरामध्ये उघड दानाला चांगले म्हटले आहे आणि गरिबाला गुपचूप दिलेल्या दानाला अधिक चांगले. त्याच सूरहमध्ये असाही इशारा आहे की उपकार बोलून दाखवल्याने आणि घेणाऱ्याला दुखावल्याने दान वाया जाते. म्हणजे अल्लाहने उघडपणाला मनाई केलेली नाही, मनाई केली आहे ती दुखावण्याला.

हा फरक मला पुस्तकातून कळला नाही. काही वर्षांपूर्वी एका सेवाभावी मंडळाने आमच्या उर्दू शाळेतल्या गरजू मुलींना दप्तरे आणि वह्या दिल्या. यादी मी केली होती, माइकवरून नावेही मीच पुकारली. सातवीतली एक हुशार मुलगी फोटोसाठी उभी राहिली, पण तिने मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी घरी गेले. आईने आधी चहा दिला, मग हळूच म्हणाली, "मॅडम, कापियाँ दिये सो अच्छा किये, मगर फोटो कायको?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मंडळाला दोष देऊन मला सुटता येत नाही. नाव पुकारणारा आवाज माझा होता. आणि रमजानमध्ये आपल्याही मोहल्ल्यांत धान्याच्या पिशव्यांवर नावे छापून, रांगा लावून वाटप होतेच की!

मग सगळी खिदमत लपूनच करावी का? तसेही नाही. रोटरीने 1985 साली जगभर पोलिओविरुद्ध मोहीम हाती घेतली. आपल्या अनेक वस्त्यांत लसीविषयी अफवा होत्या. उत्तर प्रदेशात रोटरीने उलेमांना सोबत घेतले. त्यांनी उघडपणे लोकांची समजूत घातली, तेव्हा बंद दारे उघडू लागली. 13 जानेवारी 2011 रोजी हावडा जिल्ह्यात देशातला शेवटचा रुग्ण आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. हे काम गुपचूप झाले नसते. त्या मोहिमेतही एक खूण होती, लस घेतलेल्या बाळाच्या करंगळीवरची शाई. पण ती बाळ सुटू नये म्हणून होती, देणारा दिसावा म्हणून नव्हती.

खूण कोणासाठी आहे, हा खरा प्रश्न आहे. रोटरीचे सभासद चार प्रश्नांची कसोटी मानतात. मंदीच्या काळात, 1932 साली, हर्बर्ट टेलर यांनी ती एका बुडत्या कंपनीसाठी लिहिली होती. आपण जे करतो ते सत्य आहे का? संबंधित सर्वांना न्याय देणारे आहे का? त्याने सद्भाव आणि मैत्री वाढेल का? सर्वांचे हित होईल का? या कसोटीत पाचवा प्रश्न घालण्याची गरज मला वाटत नाही. फक्त 'सर्व' या शब्दात घेणाराही धरला पाहिजे. हा शब्द आपोआप रुंद होत नाही. खुद्द रोटरीची दारे स्त्रियांना 1989 साली उघडली, आणि तीही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1987च्या निकालानंतर.

पुढच्या वर्षी मी मंडळाला विनंती केली. दप्तरे पाठ्यपुस्तकांबरोबर, कार्यालयातून, एकेकीला दिली गेली. मंडळाचा फलक शाळेच्या फाटकावर लागला, त्याला माझी हरकत नव्हती. देणाऱ्याचे नाव दिसल्याने कोणी लहान होत नाही, घेणाऱ्याचे दिसल्याने होते.

ती मुलगी चौथ्या दिवशी शाळेत परत आली होती. पाठीवर जुनेच, शिवलेले दप्तर होते. नव्या दप्तराविषयी मी तिला विचारले नाही.