ग्नॉ

वर्गात तो पोरगा उभा राहिला आणि त्यानं वाचलं, ‘ग्नॉ’. आधी मी हसलो, मग वर्ग हसला. हा क्रम मी इतकी वर्षं उलटा सांगत आलोय.

शब्द होता जी-एन-ए-डब्ल्यू. उच्चार ‘नॉ’, अर्थ कुरतडणं, सारखं चावत राहणं. त्यानं विचारलं, “सर, जी लिवायचा तर म्हणायचा का न्हाई?” देवनागरीवर वाढलेल्या पोराचा रास्त सवाल. उत्तर मला येत नव्हतं. तसं कबूल करायची लाज वाटली, म्हणून म्हणालो, “तुमच्या वस्तीवर म्हणत असतील.” शाळेत त्याचं नावच ‘ग्नॉ’ पडलं. दहावीला तो बसला नाही. घरची कारणं होती. असं मी म्हणतो, होतीही.

निवृत्त झाल्यावर कोश उघडला. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद ‘ग्नागन’ होतं आणि पहिला ग खणखणीत म्हणत. पुढं तो तोंडातून गेला, लिहिण्यात राहिला. स्वीडिश माणसं अजून ‘ग्नागा’ म्हणतात. उंदरांचं ‘रोडंट’ लॅटिनच्या कुरतडण्यावरून आलं. भाषाशास्त्रज्ञ संस्कृत ‘रद्’ त्याच्याच भाऊबंदकीत धरतात, ज्यातून आपला रदन, म्हणजे दात. ‘रिमॉर्स’ म्हणजे मुळात पुन्हा चावणं. १३४० साली केंटमधल्या एका भिक्षूनं पापपुण्याचं पुस्तक इंग्रजीत आणलं, त्याच्या नावातही हेच: अंतर्मनाचं पुन्हा चावणं. आपण ‘मन खातं’ म्हणतो.

हे शोधताना मला मजा येत होती, हेही लिहायला हवं. शब्दाचं मूळ खणता खणता पोरगा बाजूलाच पडला.

तो कोरेगावच्या बाजारात बसतो. वाघ्या घेवडा, आलं, लसूण. घेवड्याच्या दाण्यावरचे तांबडे पट्टे दाखवत गिऱ्हाइकाला भौगोलिक मानांकनाचं सांगतो. मला पाहिलं की उठून उभा राहतो. किलो मोजून झाल्यावर वर एक मूठ टाकतो. ती मूठ मी दरवेळी घेतो, आणि बोलायचं ते पुढच्या बाजारावर ढकलतो.

परवा पिशवीत दाणे ओतताना तो थांबला. तळाच्या कोपऱ्यात बोट घालून म्हणाला, “सर, उंदरानं कुरतडलीय. दुसरी देतो.”

मी पैसे मोजत राहिलो.