एन्फिल्डची प्रतिकृती

बसा. घाई नको. समोर अक्रोडाचं लांब लाकूड आहे; शेजारी पटाशी, कानस, जवसाचं तेल. आज १८५३च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल घडवायची आहे, मनातल्या मनात. शोभेची, भरीव नळीची. हिच्यातून काही उडणार नाही.

आधी नुसती लांबी पाहा. सुमारे १४० सेंटिमीटर, त्यात नळीच ३९ इंचांची. नळी दस्त्याला धरून ठेवणारी तीन कडी. वजन सव्वाचार किलोंच्या आसपास. हे ओझं खांद्यावर घेऊन उन्हात चालणारा शिपाई क्षणभर डोळ्यांपुढे आणा. मग त्याला जाऊ द्या.

आता घोड्याचं यंत्र बसवायची जागा कोरू. पोलादी पट्टीला काजळी लावा. लाकडावर टेकवा, हलकेच दाबा, उचला. जिथे काळं उमटलं तिथे लाकूड जास्त आहे. तेवढंच खरवडा, कागदाच्या जाडीचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. डाग दरवेळी जागा बदलतो. त्याच्या मागे जा, पुढे धावू नका. मन भरकटलं तर पटाशी आधी भरकटते. पट्टी आणि लाकूड यांच्यात नखही जाऊ नये, तोवर हेच.

खुद्द एन्फिल्डच्या सरकारी कारखान्यात हे कोरकाम अमेरिकेहून आणलेली यंत्रं करत. म्हणजे यंत्राच्या कामाची नक्कल आपण हातानं करतोय! मला हा उलटा प्रवास आवडतो.

नळीकडे या. मूळ नळीत तीन पिळदार खाचा होत्या. गोळी फिरत सुटे, नेम लांबवर लागे. काडतूस कागदाचं, वंगण लावलेलं, टोक दातांनी फाडायचं. वंगणात चरबी कशाची? गाईची? डुकराची? जानेवारी १८५७मध्ये डमडमला हिंदी शिपायांत उठलेली ही कुजबुज गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मध्येही भेटते. इथे थांबा. उत्तर शोधू नका. ज्याच्या हाती बंदूक दिली त्याचा देणाऱ्यावर भरवसा नव्हता, एवढंच जाणवू द्या.

मग देणाऱ्याचाही उडाला. १८५७च्या बंडानंतर हिंदी शिपायांसाठी १८५८चा नमुना निघाला. बाहेरून जवळजवळ तीच बंदूक. आतून मात्र खाचा काढून, भोक ०.५७७ इंचावरून ०.६५ इंचावर नेऊन, नळी गुळगुळीत केलेली. लांबचा नेम गेला. अविश्वास इतक्या नेमक्या मापात मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

आपली नळी भरीव, त्यामुळे हा फरक आत दाखवता येणार नाही. तो दिसेल नेम धरायच्या मागच्या भागात. पहिल्या बंदुकीवर उभी करता येणारी, यार्डांचे आकडे कोरलेली पट्टी. दुसरीवर खाच पाडलेला साधा ठोकळा. दोन्ही बाकावर ठेवले आहेत. हातात घेऊन पाहा. कोणता बसवायचा ते ठरलं, की तेलाचा पहिला हात द्या.