राउटरला हात लावण्याआधी

रात्रीचे साडेअकरा वाजले आहेत असं धरू. घर निजलं आहे. टीव्हीखालच्या फळीवर राउटर, त्याला टेकून पत्त्यांच्या कॅटाएवढा रास्पबेरी पाय आणि त्याला जोडलेली एसएसडी. हा तुमचा बिटकॉइन नोड, व्यवहारांचे ब्लॉक स्वतः तपासून साठवणारं यंत्र. झोपण्यापूर्वी गॅस बंद आहे ना हे पाहावं, तसं तुम्ही सहज लॉगवर नजर टाकायला आलात आणि शेवटचा ब्लॉक येऊन पस्तीस मिनिटं झाल्याचं दिसलं.

हात राउटरच्या बटणाकडे गेलाच. जाऊ द्या. आता तो तिथेच राहू द्या, बटण न दाबता.

खाली फरशीवर बसा, दिवे त्या उंचीवरून नीट दिसतात. डोळे मिटू नका. ही उघड्या डोळ्यांनी करायची बैठक आहे आणि तिचा नियम एवढाच की आत्ता काही बदलायचं नाही, फक्त पाहायचं. बंद करून चालू करणं हा आपल्याकडचा रामबाण उपाय. तो बऱ्याचदा लागू पडतो, आणि मला त्याचा राग येतो तो यासाठीच. नेट परत येतं, पण कशाने गेलं होतं ते कळायची वाट बुजते. पुढच्या मंगळवारी तुम्ही पुन्हा याच फरशीवर, याच बटणाशी.

तर पस्तीस मिनिटं. या आकड्याजवळ जरा बसा.

ब्लॉक दहा मिनिटांनी येतो असं आपण म्हणतो, पण तो दहा मिनिटांनी येत नाही. सरासरी दहा मिनिटांची आहे, वेळापत्रक कुणाकडेच नाही. स्टँडवर एसटीची वाट पाहताना आपण म्हणतो, एवढा वेळ झाला म्हणजे आता येतच असेल. एसटीच्या बाबतीत ते खरं असतं, कारण ती कुठून तरी निघालेली असते. ब्लॉक कुठूनच निघालेला नसतो. जगभरची यंत्रं प्रत्येक क्षणी नव्याने सोडत काढत असतात आणि मागच्या सोडती कुणी लक्षात ठेवत नाही. पस्तीस मिनिटं थांबून झाल्यावरही पुढचा ब्लॉक सरासरी दहा मिनिटांवरच उभा असतो. हे मनाला पटत नाही. पटेपर्यंत थांबा, घाई नाही.

दिवसाला साधारण १४४ ब्लॉक होतात. दोन ब्लॉकमध्ये अर्ध्या तासाहून मोठी फट पडण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे अशी शांतता रोज सातेक वेळा पसरते. तासाहून मोठी फट तीनेक दिवसांतून एकदा. यातल्या बहुतेक वेळी तुम्ही झोपलेले असता किंवा लोकलमध्ये असता, म्हणून ती तुम्हाला दिसत नाही. आज दिसली एवढंच. खुद्द नोडलाही हे ठाऊक आहे. अर्धा तास काही आलं नाही की तो लॉगमध्ये नोंद करतो की आपल्याकडचं साखळीचं टोक कदाचित शिळं झालं असावं, आणि एखादा जादा पिअर, म्हणजे दुसरा नोड, गाठून त्याला विचारायला जातो. बटण मात्र तो दाबत नाही.

आता दिव्यांकडे पाहा. फायबरच्या डब्यावर लॉसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लागला असेल तर ही बैठक इथेच संपली. काच बहुधा कुठे तरी तुटली आहे, जेसीबीखाली वगैरे, आणि ती तुमच्या मननाने जुळणार नाही. नेटवाल्याला फोन लावा आणि झोपा. लाल नसेल तर बसून राहा.

टर्मिनल उघडा. नोडला नेटइन्फो विचारा. एक छोटा तक्ता येतो, आत किती कनेक्शनं आणि बाहेर किती. तुमच्याकडे लिहिलं आहे, बाहेर १०, आत ०.

नवखा माणूस ते शून्य पाहून दचकतो. तुम्ही आधी दहाकडे पाहा. यातली आठ कनेक्शनं सगळी देवाणघेवाण करतात, ब्लॉक, व्यवहार, इतरांचे पत्ते. उरलेली दोन फक्त ब्लॉक आणतात, बाकी कशाबद्दल बोलत नाहीत. २०१९ पासून ही दोन अबोल कनेक्शनं ठेवण्यात आली, कारण व्यवहारांचा प्रवास बघत बघत कोण कुणाला जोडलेलं आहे याचा नकाशा काढता येतो, आणि न बोलणाऱ्याचा नकाशा काढणं कठीण. हे दहाही तुमच्या नोडने स्वतः जाऊन जोडलेले आहेत. तो घराबाहेर पडला, दहा दारं वाजवली, दहांनी उघडली.

तिथे शून्य असतं तर? तर प्रश्न वेगळा झाला असता. पहिल्यांदा सुरू झालेला नोड जगात कुणालाच ओळखत नाही. प्रोग्रॅममध्ये काही मोजकी डोमेन नावं लिहून ठेवलेली आहेत, त्यांना तो विचारतो, चालू असलेले कुणी सांगता का? उत्तरादाखल पत्ते येतात. नेटवाल्याचा डीएनएस आजारी असेल तर हे विचारणंच पोचत नाही. मग तो प्रोग्रॅममध्येच कोरलेल्या पत्त्यांच्या यादीकडे वळतो. एकदा ओळखी झाल्या की मात्र तो त्या स्वतःच्या फाइलमध्ये जपतो आणि पुढच्या वेळी जुन्या ओळखींनी काम भागतं. म्हणून कालपर्यंत नीट चालणारा नोड आज बाहेर शून्य दाखवत असेल, तर मी आधी बिटकॉइनचा विचारच करत नाही. त्याच यंत्रावरून एखादी साधी वेबसाइट उघडते का ते पाहतो. निम्म्या वेळा लॅनच्या केबलची ती प्लास्टिकची जीभ तुटलेली निघते.

आता एक अवघड जागा, आणि इथे मी स्वतः पडलो आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्याकडे दुपारी वीज गेली ती पाच तासांनी आली. इन्व्हर्टरने लगेचच मान टाकली होती. वीज आली, नेट आलं, नोड उठला, बाहेर दहा कनेक्शनं झाली. पण ब्लॉक काही पुढे सरकेना. मी राउटर तीनदा रीस्टार्ट केला. फायरवॉलचे नियम काढले, पुन्हा घातले. पिअर हाकलले, नवे बोलावले. आतल्या खोलीतून दोनदा आवाज आला, नेट का जातंय सारखं? मी म्हटलं, बघतोय.

मी बघत नव्हतो. बघितलं असतं तर लॉगच्या ओळीच्या सुरुवातीला छापलेली वेळ दिसली असती, आणि भिंतीवरचं घड्याळही.

माझ्याकडचा रास्पबेरी पाय जुना. त्याला घड्याळाची बॅटरी नाही. वीज गेली की त्याच्यापुरता काळ थांबतो, आणि उठल्यावर तो थांबला तिथूनच पुढे मोजू लागतो. एरवी नेट मिळताच तो बाहेरून खरी वेळ विचारून घेतो. पण काही आठवड्यांपूर्वी मीच मोठ्या हुशारीने राउटरवर नको ती पोर्टं बंद केली होती आणि त्यात वेळ विचारायचं १२३ नंबरचं पोर्टही गेलं होतं. बिटकॉइनचा नियम असा की ज्या ब्लॉकवर नोडच्या घड्याळापेक्षा दोन तासांहून पुढची वेळ असेल, तो घ्यायचा नाही. माझा नोड पाच तास मागे होता. आलेले ताजे ब्लॉक त्याला भविष्यातले वाटत होते. दहा शेजारी त्याला रात्र झाल्याचं सांगत होते आणि तो दुपारचे तीन धरून बसला होता. त्याच्याकडून नियम चोख पाळला जात होता.

त्या दिवसापासून मी कनेक्शनच्या आधी वेळ पाहतो. तुम्हीही पाहा. भिंतीकडे एकदा, पडद्याकडे एकदा. जुळतंय? मग पुढे.

आता त्या शून्याकडे या. आत ०.

दोन गोष्टी मनात वेगळ्या करून ठेवा. तुम्ही बाहेर जाणं ही एक, दुसऱ्याने तुमच्याकडे येणं ही दुसरी. गेटवरचा वॉचमन डोळ्यांसमोर आणा. तुमचं पत्र बाहेर जाताना तो वहीत फ्लॅटचा नंबर टिपून ठेवतो, त्यामुळे उत्तर आलं की बरोबर तुमच्या दारात पोचतं. पण अनोळखी माणूस नुसतं सोसायटीचं नाव घेऊन आला तर त्याला कुठे पाठवायचं हे वहीत नसतं, आणि तो परत जातो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे वॉचमनला आधीच सांगून ठेवणं की ८३३३ विचारत कुणी आलं तर माझ्याकडे पाठव.

तुम्ही ते सांगितलं आहे. सेटिंग बरोबर आहे, दहादा तपासलं आहे. तरीही शून्य. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा आयपी पत्ता शोधा. तो १००.६४ ते १००.१२७ यांमधल्या आकड्यांनी सुरू होतोय का? असेल तर तुमच्या गेटबाहेर आणखी एक गेट आहे. पत्त्यांची ही पट्टी २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवली गेली. आयपीव्ही४ चे पत्ते सगळे मिळून चारशे तीस कोटींच्या आत, आणि आशिया-पॅसिफिकला पत्ते वाटणाऱ्या एपनिककडची मोकळी पोतडी एप्रिल २०११ मध्ये तळाला गेली. मग नेट कंपन्यांनी शेकडो घरं एका पत्त्यामागे बसवली. त्या बाहेरच्या गेटवरचा वॉचमन कंपनीचा. तो तुमचं ऐकत नाही. तुमच्या राउटरमध्ये कितीही नियम लिहा, पाहुणा तुमच्या वॉचमनपर्यंत पोचतच नाही.

हे समजलं की छातीवरचं ओझं थोडं उतरतं, कारण जे तुमच्या हातात नव्हतं त्यासाठी तुम्ही स्वतःला बोल लावत होता. वाटा आहेत. कंपनीला दरमहा पैसे देऊन स्वतंत्र पत्ता घेता येतो. आयपीव्ही६ असेल तर पत्त्यांची टंचाई नाही, फक्त राउटरची फायरवॉल त्या बाजूने उघडावी लागते. आणि टॉर नावाचं नेटवर्क आहे. टॉरमध्ये तुमचा नोड स्वतः बाहेर जाऊन वाट धरून ठेवतो आणि पाहुणे त्याच वाटेने उलटे येतात, त्यामुळे दोन्ही वॉचमनना विचारावंच लागत नाही. मला ही शेवटची वाट आवडते, थोडी संथ असली तरी.

पण वाट निवडण्याआधी विचारा, पाहुणे हवेत कशाला? तुमचा नोड प्रत्येक ब्लॉक स्वतः तपासतो, आणि त्या तपासणीत आतल्या शून्याने तसूभर फरक पडत नाही. दार उघडं ठेवणं ही इतरांची सोय आहे. नव्याने सुरू झालेले नोड २००९ पासूनची सगळी साखळी मागत येतात आणि ती आता ६०० जीबीच्या पुढे आहे. एकालाच पूर्ण वाढायची म्हटली तरी महिन्याच्या डेटाचा मोठा घास जातो. पाणपोई जरूर घालावी, पण आधी टाकी किती लिटरची ते पाहून. अपलोडवर मर्यादा घालायची सोय आहे. ती वापरण्यात कंजूषपणा नाही.

आणखी एक मोह तपासा. कनेक्शन कमी दिसली की वाटतं, चार खात्रीचे पत्ते हाताने घालून टाकावेत. एखाद्या मित्राचा पत्ता घालणं ठीक. पण कुठून तरी मिळालेली यादी आंधळेपणाने चिकटवू नका. २०१५ मध्ये हाइलमन, केंडलर, झोहार आणि गोल्डबर्ग या संशोधकांनी दाखवून दिलं की एखाद्या नोडची सगळी कनेक्शनं एकाच्याच ताब्यातल्या यंत्रांकडे वळवता आली, तर त्याला खोटं जग दाखवता येतं. त्याला ग्रहण लावता येतं, नावही तेच आहे. म्हणून नोड बाहेरचे शेजारी निवडताना प्रत्येक जण नेटच्या वेगळ्या मोहल्ल्यातला असेल असं पाहतो. त्याच्या चंचलपणात हिशोब आहे. तो अनोळखी दारांवर जातो ते कुणा एकावर विसंबायला नको म्हणून. आपण काळजीपोटी सगळे शेजारी एकाच वाड्यातले घालून दिले, तर कनेक्शनचा आकडा छान दिसेल आणि नोड आंधळा होईल.

आता काही करायचं उरलं नाही. पिअरची यादी उघडी ठेवा आणि पिंगचा रकाना पाहत बसा. दर दोन मिनिटांनी तुमचा नोड प्रत्येकाला एक आकडा पाठवतो, समोरच्याने तोच आकडा परत करायचा. कुणाचा ऐंशी मिलिसेकंदांत येतो, कुणाचा तीनशे. वीस मिनिटं कुणी तो परत केलाच नाही तर नोड त्याचा हात सोडतो आणि दुसरा शोधतो. ही सोडणूकही मुकाट्याने होते.

फॅनचा आवाज येतोय. एसएसडीचा दिवा मधूनच लुकलुकतो, म्हणजे व्यवहार येत आहेत. नोड कधीच बंद पडला नव्हता. चव्वेचाळीस मिनिटं. शेहेचाळीस.

सत्तेचाळिसाव्या मिनिटाला लॉगमध्ये एक ओळ सरकते. उंची एकाने वाढली, प्रगती १.००००००. तीन मिनिटांनी आणखी एक. लगेच तिसराही.

आत अजून ०. टॉरचं काम रविवारी बघता येईल. हात बटणापासून काढा, पाय मोकळे करा. उठताना राउटरच्या वायरीत अडकू नका.