मधली पायरी

आरटीओच्या मैदानात पाय न टेकता आठचा आकडा काढून लेकीनं कायमचं लायसन्स मिळवलं आणि दुसऱ्या दिवशी ती स्कूटरवर एकटी कॉलेजला गेली. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली, तर २०१९च्या दुरुस्तीनंतर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अठरा पूर्ण झाली, की मात्र कायदा एकदम मोकळा सोडतो. लर्निंग लायसन्सनंतर तीस दिवसांनी परीक्षा द्यायची, पास झालं की रात्रीचे बारा असोत, मुसळधार पाऊस असो, सगळे रस्ते खुले.

न्यूझीलंडनं १९८७ मध्ये मधली एक पायरी आणली. शेजारी अनुभवी चालक नसेल, तर नव्या चालकानं रात्री दहा ते पहाटे पाच गाडी चालवायची नाही, मित्रांनाही बसवायचं नाही. पोरं बेफिकीर असतात म्हणून हे नियम हवेत, असं मी मानत नाही. अंधार, वेग आणि मागच्याची बडबड एकाच वेळी सांभाळायला सराव लागतो, आणि तो तीस दिवसांत होत नाही.

आपल्याकडे ही पायरी घरातच बांधावी लागते. पहिले तीन महिने मागे कुणी बसणार नाही, दिवेलागणीच्या आत परत यायचं, असं आम्ही तिघांनी बसून ठरवलं. वळणाऱ्या ट्रकच्या डाव्या अंगाला कधीही घुसू नकोस, ड्रायव्हरला तू दिसतच नाहीस, हे मी तिला बजावलं. पहिल्या पावसात तिच्या मागे बसले. रस्त्यावरची धूळ आणि तेल भिजलं, की नुसता पुढचा ब्रेक दाबल्यावर चाक कसं सरकतं, ते तिला सावकाश गाडीवर कळू दिलं.

शिकायचं मलाही होतं. ती निघाली की वीस मिनिटांत माझा फोन, “कुठे आहेस गं?” एकदा ती म्हणाली, “आई, तुझा होता म्हणून चालत्या गाडीवरच खिशातून काढला.” ताशी चाळीसच्या वेगात गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. फोन काढून नाव वाचायला तीन सेकंद धरले, तरी तेहतीस मीटर ती रस्ता न बघता गेली होती. माझ्या काळजीपायी. तेव्हापासून मी फोन करत नाही, पोहोचल्यावर तीच करते.

आणि ‘न्यायला ये’ म्हणाली, तर त्या रात्री एक शब्दही बोलायचा नाही, हे तिच्या बाबांनी कबूल केलं.

परवा प्रॅक्टिकल लांबलं. साडेआठला, धो धो पावसात तिचा फोन आला, “बाबा, स्कूटर इथेच ठेवू?” ते रेनकोट शोधायला उठलेसुद्धा होते.