न मागितलेलें पुस्तक

पुस्तकांचें एखादें जुनें दुकान बंद पडलें म्हणजे शहरांतील सुशिक्षित समाजांत हळहळ व्यक्त होते, आणि तिच्या मागोमाग एक उपदेशही ऐकूं येतो: चार पैसे अधिक पडले तरी वाचकानें पुस्तक जवळच्या दुकानांतूनच घ्यावें, घरबसल्या सवलतीनें मागवूं नये. पुण्याचें मॅनीज २०१२ मध्यें मिटलें तेव्हां हा उपदेश झाला, टी. एन. शानभाग यांनीं १९४८ मध्यें काढलेलें मुंबईचें स्ट्रँड बुक स्टॉल सत्तर वर्षांनीं, २०१८ च्या फेब्रुवारींत, बंद झालें तेव्हां तो पुन्हां झाला. (स्ट्रँडची कीर्ति बव्हंशीं छापील किंमतीपेक्षां कमी दरानें पुस्तक देण्यावरच उभारलेली होती, हें मात्र त्या हळहळींत फारसें कोणी आठवलें नाहीं.) उपदेश करणाऱ्यांच्या हेतूविषयीं आम्हांस मुळींच शंका नाहीं. पण त्यामागील नीतिविचार आम्हांस अपुरा वाटतो. आणि तो कोठें अपुरा पडतो हें पुण्या-मुंबईंत बसून दिसण्यासारखें नाहीं. त्यासाठीं तो भंडारा जिल्ह्यांतील मोहाडीसारख्या गांवीं नेऊन पाहिला पाहिजे.

मोहाडी हें भंडारा व तुमसर यांच्या दरम्यानचें तालुक्याचें गांव. चौंडेश्वरी देवीचें हें स्थान. भोंवतालीं भाताचा मुलूख, आणि तालुक्यांतील आंधळगांवचें कोशाचें विणकाम दूरवर प्रसिद्ध आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावरील 'भंडारा रोड' हें स्टेशनही वरठीस, म्हणजे याच तालुक्यांत येतें. तेव्हां हा भाग जगापासून तुटलेला आहे असें कोणी म्हणूं नये. पण अशा गांवांतील पुस्तकांचें दुकान म्हणजे बहुधा काय असतें, हें आमच्या वाचकांपैकीं ज्यांचें बालपण तालुक्याच्या गांवीं गेलें आहे त्यांस सांगावयास नको. पाठ्यपुस्तकें, वह्या, गाइडें, स्पर्धा-परीक्षांचीं जाडजूड पुस्तकें, कालदर्शिका, पंचांग आणि कांहीं पोथ्या. दुकानदारास यासाठीं दोष देण्यांत अर्थ नाहीं. जून महिन्यांत त्याचें भांडवल फिरतें, आणि त्यावर त्याचें घर वर्षभर चालतें.

आतां अशा गांवींचा एखादा शिक्षक घ्या. नव्या निबंधसंग्रहाचें परीक्षण त्यानें एखाद्या मासिकांत वाचलें व तो विकत घ्यावा असें त्याच्या मनांत आलें, तर त्यानें काय करावें? नागपुरास, सीताबर्डीवर जावें, तर सुट्टीचा दिवस खर्ची पडतो, आणि येण्याजाण्याचें भाडें कित्येकदां पुस्तकाच्या किंमतीच्या घरांत जातें. बंगलोरची फ्लिपकार्ट ही पेढी २००७ मध्यें आरंभीं पुस्तकें विकण्यासाठींच निघाली, आणि अॅमेझॉननें हिंदुस्थानांत २०१३ मध्यें पाय ठेवला. त्यानंतर या शिक्षकास हवें तें पुस्तक दारांत, आणि बहुधा छापील किंमतीहून कमी दरानें, मिळूं लागलें. त्याला 'गांवच्या दुकानाशीं निष्ठा ठेव' असें सांगणें ही आमच्या मतें थट्टाच होय. जें दुकान त्याच्यासाठीं कधीं नव्हतेंच, त्याचें कसलें ऋण त्याच्या माथीं मारावयाचें?

मग या वादांत नीतीचा प्रश्नच उरत नाहीं, केवळ सोय व दर एवढेंच उरतें, असें म्हणावें काय? तसें आम्हांस वाटत नाहीं. इंटरनेटवरील पेढी मागितलेलें पुस्तक देते, आणि उत्तम रीतीनें देते. परंतु माणसाच्या आयुष्यांत ज्या पुस्तकांनीं कांहीं बदल घडविला, तीं त्यानें नांव घेऊन मागितलीं होतीं असें क्वचितच आढळेल. तीं कोणी तरी त्याच्या हातांत दिलेलीं असतात, किंवा दुसरें कांहीं शोधीत असतां फळीवर दिसलेलीं असतात. मागील खरेदी पाहून पुढील पुस्तक सुचविण्याची सोय त्या पेढ्यांनीं केली आहे खरी. पण ती माणसाला त्याच्या कालच्या आवडीकडेच फिरून नेते. न मागितलेलें पुस्तक पुढें करणें हें निराळें काम आहे. त्याला वाचकाची पारख लागते, पुस्तकाची पारख लागते, आणि मुख्य म्हणजे पैसा गुंतवून वाट पाहण्याची तयारी लागते. जो दुकानदार हें काम करतो त्याचें ऋण वाचकावर चढतें. नुसत्या शेजाराचें ऋण चढत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, माल मांडणें हा व्यापाऱ्याचा स्वतःचा हिशेब आहे. दुकानांत डोकावणाऱ्यानें तो कां सोसावा? कापडाच्या दुकानांत दहा लुगडीं उलगडून पाहून माणूस हात हलवीत बाहेर पडतो, त्यास कोणी अनीति म्हणत नाहीं. हा आक्षेप वरवर बिनतोड दिसतो, पण पुस्तक व लुगडें यांत एक मोठा भेद आहे. आंधळगांवच्या विणकरानें दाखविलेलें कोशाचें लुगडें तेंच असतें. तसलें दुसरीकडे मिळालें तरी पोत निराळा, कांठ निराळा, आणि तेंही पुन्हां हातीं धरूनच पारखावें लागतें. छापलेल्या पुस्तकाची प्रत्येक प्रत मात्र दुसरीसारखीच. एका दुकानांत मिळविलेलें ज्ञान दुसऱ्या दुकानांत जसेंच्या तसें वटवितां येतें. म्हणूनच या धंद्यांत सल्ला हा मालापासून अलग काढून नेतां येतो. दुकानदारापाशीं अर्धा तास बसावें, 'नवें चांगलें काय आलें आहे' म्हणून विचारावें, त्यानें काढून दिलेल्या पुस्तकाच्या वेष्टनाचें मोबाइलवर चित्र टिपून घ्यावें, आणि पन्नास रुपये वाचवून तेंच पुस्तक घरीं मागवावें, हा प्रकार आज शहरांत राजरोस चालतो व करणारे सुशिक्षितच असतात. कायद्यानें यांत गुन्हा नाहीं. तथापि हें दुसऱ्याच्या श्रमाचें मोल न देतां फळ नेणें आहे, असें म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

कांहीं देशांनीं हा प्रश्न कायद्यानें सोडविण्याचा यत्न केला. इंग्लंडांत १९०० पासून प्रकाशकांचा करार होता कीं छापील किंमतीखालीं कोणी पुस्तक विकूं नये. तो जवळजवळ शतकभर टिकला आणि १९९७ मध्यें तेथील न्यायासनानें तो लोकहितास बाधक ठरविला. फ्रान्सनें १९८१ मध्यें कायदाच केला, व नव्या पुस्तकावर शेंकडा पांचाहून अधिक सूट देण्यास मनाई केली. हा कायदा येथें आणावा असें म्हणणारे आहेत. परंतु ज्या देशांत गांवोगांव पुस्तकांचीं दुकानें आधींच होतीं तेथें तीं राखण्यास हा कायदा योग्य. आमच्याकडे प्रथम त्याचा भार मोहाडीच्या शिक्षकावरच पडेल.

मोहाडीच्या बाजूस न मागितलेलें पुस्तक कधीं पोंचलेंच नाहीं, असें मात्र नाहीं. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं १९१६ मध्यें ज्ञानकोशाची उभारणी आरंभिली ती नागपुरांतून. ज्या ग्रंथाचें अद्याप एक पानही छापलेलें नव्हतें त्याला वर्गणीदार मिळविणें हें त्या कामाचें अर्धें अंग होतें, आणि पुढें २३ खंड बाहेर पडले ते त्या विक्रीच्या बळावर. केतकरांना विद्वत्तेइतकाच विक्रीचा विचार करावा लागला, आणि त्याची त्यांनीं कधीं लाज धरली नाहीं. पुढें 'ग्रंथाली'नें वाचकांनाच सभासद करून घेऊन जीं पुस्तकें काढलीं त्यांत दया पवारांचें 'बलुतं' (१९७८) व लक्ष्मण माने यांचें 'उपरा' (१९८०) हीं होतीं. असलीं पुस्तकें आधीं कोणी मागणार तरी कसें?

पण या सर्वांहून ठळक उदाहरण नागपुरच्या दीक्षाभूमीचें आहे. डॉ. आंबेडकर १९५४ मध्यें भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीस उभे राहिले व पराभूत झाले; त्यानंतर दोनच वर्षांनीं, १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं, नागपुरास धम्मदीक्षेचा समारंभ झाला. तेव्हांपासून दर अशोक विजयादशमीस तेथें लाखोंचा समुदाय जमतो, आणि त्यांत या जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून आलेलीं माणसें असतात. रस्त्याच्या कडेनें पुस्तकांचीं दुकानें लागतात. कोणाचें मंडपांत, कोणाचें जमिनीवर अंथरलेल्या चादरीवर. कित्येक नवीं पुस्तकें त्या मुहूर्तावर निघतील अशा बेतानेंच छापलीं जातात. खांद्यावर शिदोरीची पिशवी घेऊन आलेला माणूस परततांना त्याच पिशवींत पुस्तकें घालून नेतो. त्यांतलीं कांहीं तो स्वतः वाचतो, कांहीं त्याचीं मुलें वाचतात. मराठी वाचक नाहींसा होत चालला असें ज्यांस वाटतें, त्यांनीं एकदां हा बाजार पाहून यावें. आमच्या मध्यमवर्गाची या वाचकाशीं ओळखच कमी, म्हणून वाचनाच्या ऱ्हासाच्या आमच्या चर्चांत त्याची गणना होत नाहीं. चादरीवर बसलेल्या त्या विक्रेत्याजवळ कपाटें नाहींत. पण आपलें गिऱ्हाईक कोण हें तो जाणतो, आणि त्यानें न ऐकलेलें पुस्तक त्याच्या हातीं देण्याचें धाडस त्याच्या अंगीं आहे.

ज्या दुकानदारास वाचकाकडून निष्ठेची अपेक्षा आहे त्याच्याकडे आमचें मागणें हेंच आहे. ज्याच्या फळीवर केवळ जाहिरातीनें गाजलेलींच पुस्तकें आहेत, त्याचें दुकान म्हणजे पेढीचें गोदामच, फक्त महाग. असें दुकान बंद पडलें तर दुःख करावें, कारण कोणाची तरी उपजीविका गेली. पण वाचकास अपराधी ठरवूं नये. झाडीबोलीचेंच पहा. या मुलुखाच्या बोलींत लिहिणारे लेखक आहेत, त्यांचीं संमेलनें भरतात, लहान लहान पुस्तकें थोड्या प्रतींत निघतात, आणि बहुतेक हातोहात खपतात. शहरांतील किती दुकानांनीं त्यांच्यासाठीं अर्धी फळी मोकळी ठेवली आहे?

ग्रंथालयांकडे तर याहून अधिक बोट दाखविलें पाहिजे. १९६७ च्या कायद्यान्वयें शासनाचें अनुदान घेणारीं वाचनालयें महाराष्ट्रभर पसरलेलीं आहेत. आणि जेथें सर्वांत अधिक कमिशन मिळतें तेथून, मिळतील तीं पुस्तकें एकगठ्ठा उचलण्याची त्यांपैकीं कित्येकांची रीत ही या व्यवहारांतली जुनी तक्रार आहे. खासगी वाचकानें पन्नास रुपये वाचविले तर तो आपल्यापुरता वाईट वागला. वाचनालयाच्या चालकानें सवलत पाहून पुस्तक निवडलें, तर ज्या मुलाला दुसरें दालन नाहीं त्याचें वर्ष त्यानें रद्दी पुस्तकांत दवडलें, तेंही सार्वजनिक पैशानें. या दोन दोषांना आम्ही एका तराजूंत घालूं इच्छीत नाहीं.

टपालाची गोष्ट राहिली. पुस्तकांसाठींची जुनी स्वस्त बुकपोस्टची सोय डिसेंबर २०२४ मध्यें बंद करण्यांत आली तेव्हां लहान विक्रेत्यांवर आघातच झाला. मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' या नांवानें नवी सोय निघाली आहे. तिचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पांच किलोस १०० रुपये, शिवाय कर. म्हणजे नागपुरच्या एखाद्या जाणत्या विक्रेत्यास मनांत आणल्यास हें करतां येईल: ओळखीच्या वाचकास वर्षांतून दोनदां चार-पांच न मागितलेलीं पुस्तकें, तीं कां निवडलीं हें सांगणाऱ्या पत्रासह, मोहाडीस पाठवावीं, आवडतील तीं छापील किंमतीस ठेवून घ्यावीं, नावडतील तीं परत करावीं. जाण्याचें टपाल विक्रेत्यानें सोसावें हें उघड आहे. परतीचें कोणी सोसावें यावर मतभेद होईल. आमच्या मतें तें वाचकानें सोसावें, आणि पांचही पुस्तकें परत केलीं तरी सोसावें.