पितळी कडी परत कर

चि. सोनू,


सोळा फुटी अ‍ॅल्युमिनियमची होडी, तीही रिव्हेटची आणि वयाने तुझ्याहून मोठी. मिनेसोटात राहणाऱ्याने घ्यावी तर अशीच. महायुद्ध संपताना विमानं बनवणाऱ्या ग्रमन कंपनीने १९४५ मध्ये अ‍ॅल्युमिनियमची कनू काढली आणि पुढच्याच वर्षी आपल्या मिनीआपोलिसला अ‍ॅल्युमाक्राफ्ट सुरू झाली. तेव्हाच्या कित्येक होड्या अजून पाण्यात आहेत. पत्रा टिकतो, त्यावर ठोकलेलं सामान आधी जातं.

पुढच्या टोकाची ओढायची कडी आणि दोर बांधायचे कडेचे क्लीट बदलायला तू पितळी सामान आणलं आहेस. ते पावतीसकट परत कर. लाकडी होडीवर पितळ वर्षानुवर्षं चालतं, अ‍ॅल्युमिनियमला मात्र ते खातं. दोन वेगळे धातू टेकले आणि मध्ये पाणी आलं की तिथे बॅटरीच तयार होते, आणि त्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. तांबं, पितळ, कांसं, तिन्ही वर्ज्य. गोड्या पाण्यात हे सावकाश होतं, पण हिवाळ्यात आपल्या रस्त्यांवर मीठ पडतं आणि ट्रेलर त्याच रस्त्यांवरून तळ्यावर जातो.

३१६ जातीचं स्टेनलेस घे. खरं तर स्टेनलेसचंही अ‍ॅल्युमिनियमशी पटत नाही, तरी ते चालतं. बोल्ट एवढासा आणि पत्रा प्रचंड, म्हणून झीज पसरून हळू होते, आणि शिवाय आपण दोघांना टेकू द्यायचं नाही. क्लीटखाली प्लास्टिकची पातळ पट्टी, बोल्टाच्या दांड्याभोवती नायलॉनची नळी, नटाखाली नायलॉनचा वायसर आणि त्यावर स्टेनलेसचा.

नवं बसवणं सोपं आहे, कस लागतो तो जुनं काढताना. कडीखाली तांबूस ओघळ दिसतोय म्हणालास, त्यावरून आत काय असेल याचा अंदाज येतो. स्टेनलेसला गंजापासून वाचवतो तो त्याच्यावरचा अतिसूक्ष्म थर, आणि तो टिकायला प्राणवायू लागतो. जुन्या सीलंटखाली ओल कोंडली की प्राणवायू तिथे पोचत नाही. बोल्ट निघाला की बोटांत फिरवून बघ. दोन्ही टोकं चकचकीत असतील, आणि पत्र्यातून जाणाऱ्या भागाला कंबर पडलेली असेल, आटे खाल्लेले, भोवती पांढरी भुकटी. तांबूस गंज बोल्टाचा, पांढरी भुकटी तुझ्या पत्र्याची. बाहेरून कडी हलत नाही म्हणून ती भक्कम आहे असं कधीही धरू नकोस.

बोल्ट अडला तर हातोडा घेऊ नकोस. आत मुरणारं तेल लावून रात्रभर ठेव. मग भोक नायलॉनच्या ब्रशने घासून स्वच्छ कर, लोखंडी ब्रशने नको, त्याचे कण पत्र्यात रुततात. भोक लांबट झालं असेल तर मोठा वायसर लावून भागवू नकोस. आतून त्याच जातीच्या, बहुधा ५०५२ च्या, पत्र्याचं ठिगळ रिव्हेटने बसव. त्यामागे पाव इंची अ‍ॅल्युमिनियमची आधारपट्टी हवीच, क्लीटच्या तळापेक्षा मोठी, कोपरे कानशीने गोल केलेले. तू घराच्या डेकचं उरलेलं लाकूड वापरायचं म्हणतोस, तो बेत सोड. २००३ अखेर इथे घरगुती वापराच्या लाकडातून आर्सेनिक गेलं आणि त्याची जागा बरंचसं तांब्याने घेतली. ते ओलं लाकूड पत्र्याला चिकटून राहिलं की पितळी कडीइतकंच वाईट.

सीलंट ४२०० घे, ५२०० नको. दुसरं इतकं चिकटतं की पुढच्या वेळी रंगही सोलून निघेल. नट नवे नायलॉनवाले, आट्यांना टेफ-जेल लावून हाताने, सावकाश आवळायचे. ड्रिलने गरगर फिरवलेस तर स्टेनलेसचे आटे तापून एकमेकांत असे अडकतात की बोल्ट कापावाच लागतो.

क्लीटचं माप दोरावरून ठरतं. तीन-अष्टमांश इंची दोराला सहा इंची क्लीट, अर्ध्या इंचीला आठ इंची. पण क्लीट धक्क्याला बांधण्यासाठी आहे, ओढण्यासाठी नाही. तुझी होडी कुणी ओढत नेली तर दोर खालच्या कडीला लाव, म्हणजे पुढचं टोक वर राहतं. तू कुणाला ओढलंस तर मागच्या दोन्ही कड्यांना दोर त्रिकोणात बांध, भार वाटला जातो. नायलॉनचा दोर ताणला जातो. कडी उपटली तर ती गोळीसारखी येते. दोराच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नकोस, मित्र हसले तरी. ट्रेलरवर विंचचा पट्टा आणि सुरक्षा साखळी दोन्ही त्याच पुढच्या कडीत अडकव. पट्ट्याच्या कडा उसवल्या असतील तर तोही आत्ताच बदल.

आतल्या नटांपर्यंत पोचायला कदाचित फोम कापावा लागेल. वीस फुटांखालची अशी होडी पाण्याने भरली तरी तरंगत राहावी, असा इथला कायदा आहे. तो फोम त्यासाठीच आहे, तेव्हा जितका काढशील तितका परत भरायचा. कापण्याआधी मला फोन कर. शनिवारी मी मोकळा आहे, आणि आतून पाना धरायला दुसरा माणूस लागतोच.

तुझा,
काका