मित्राचं सुतक

संत ऑगस्टिनने आपल्या त्या मित्राचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. उत्तर आफ्रिकेतल्या तागास्ते गावातला, बरोबरीने वाढलेला, एकाच शाळेत गेलेला मुलगा. ‘कन्फेशन्स’च्या चौथ्या खंडात त्याच्या मरणाची हकीकत आहे. मित्र तापाने बेशुद्ध असताना त्याला बाप्तिस्मा दिला गेला. ऑगस्टिन तेव्हा ख्रिस्ती नव्हता, मानी पंथाचा होता, आणि मित्रालाही त्यानेच तिकडे ओढलं होतं. मित्र शुद्धीवर आल्यावर ऑगस्टिनने त्या बाप्तिस्म्याची थट्टा केली. वाटलं, तोही हसेल. मित्राने वैऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं आणि मैत्री टिकवायची असेल तर हे बोलणं बंद कर म्हणून बजावलं. पुरता बरा झाला की मग बोलू, असं ठरवून ऑगस्टिन गप्प राहिला. काही दिवसांत ताप उलटला आणि तो जवळ नसतानाच मित्र गेला.

धर्मगुरू या प्रसंगात देवाची कृपा दाखवतात. मला त्यात वसई दिसते.

आमच्याकडे वस्ती आळ्यांची. सामवेदी ब्राह्मणांची आळी वेगळी, कुपारी ख्रिस्ती लोकांची वेगळी. वाडवळ, आगरी, कोळी, भंडारी, जो तो आपापल्या ठिकाणी. सामवेदी आणि कुपारी घरात बोलतात एकच बोली, कादोडी. तरी सण वेगळे, सोयरिकी वेगळ्या, लग्नातली जेवणं वेगळी. विहीर आपली, वाडी आपली, देऊळ किंवा चर्च आपलं. या सगळ्यांची सरमिसळ व्हायची ती फक्त शाळेत, आणि तीही कुणी उदार विचाराने घडवलेली नव्हे. मास्तरांनी उंचीप्रमाणे बसवलं म्हणून मी कुपारी आळीतल्या एका मुलाच्या शेजारी आलो. एवढ्या क्षुल्लक कारणाने जे नातं जुळलं, त्याला पुढे नाव काय द्यायचं हे कुणी ठरवून ठेवलेलं नव्हतं. अडचण तिथेच आहे.

तो गेल्या पावसाळ्यात गेला. आजाराबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, इतरांचे असतात तसाच तो होता. चर्चमध्ये मी मागच्या बाकांवर बसलो. मिस्सा मराठीत होता. व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये लोकभाषेला वाट करून दिली नसती, तर तो लॅटिनमध्ये झाला असता आणि माझ्या मित्रासाठी काय मागितलं जातंय ते मला कळलंही नसतं. दूर रोममध्ये झालेल्या एका ठरावाचे आपण कधी ऋणी होऊ, सांगता येत नाही. दफनभूमीत मूठभर माती टाकायची वेळ आली तेव्हा बायको, मुलं, भाऊ, चुलते, मामेभाऊ असा क्रम लागला. माझा नंबर कुठे लागावा ते मला कळेना. शेवटी मीही माती टाकली, कुणी अडवलं नाही. त्याच्या बायकोने मला ओळखलं आणि शेजारच्या बाईला सांगितलं, “हे ह्यांच्या शाळेतले.” बरोबरच होतं ते.

पण शाळेतल्याने किती दिवस शोक करावा? धर्मशास्त्राने सुतकाचा हिशोब बारकाईने मांडलेला आहे. सपिंडांना दहा दिवस, दूरच्यांना कमी, लेकी-जावयांचे नियम निराळे. कचेऱ्यांचाही असाच हिशोब असतो: आईवडील गेले तर रजा मागताना कुणी भुवई उंचावत नाही, मित्रासाठी मागून पाहा. हे चुकीचं आहे असं मला पूर्वी वाटायचं. आता तितकंसं वाटत नाही. मैत्रीला नियम नसतो म्हणून तर ती मैत्री. तिला सुतक लावलं की मित्रांचीही यादी करावी लागेल, जवळचे कोण आणि लांबचे कोण ते ठरवावं लागेल, आणि त्यातून पुन्हा एक भाऊबंदकीच उभी राहील. फक्त एक आहे. सुतक लागतं तसं फिटतंही. दहाव्या दिवशी, तेराव्या दिवशी माणसं तुम्हाला हाताला धरून रोजच्या व्यवहारात परत आणतात. ज्याला सुतकच लागलं नाही, त्याला बाहेर कोण काढणार? त्या संध्याकाळी घरी येऊन मी दुसऱ्या दिवशीचा डबा भरला आणि सकाळी लोकल पकडली. शोक सुरूच झाला नाही, म्हणून तो संपायचाही राहिला.

खरं सांगायचं तर मोठेपणी आमचं फारसं येणं-जाणं नव्हतं. तो वाडीतच राहिला: केळी, पानवेल, पुढे सोनचाफा. पहाटेच्या गाडीने फुलं दादरला न्यायचा. मी त्याच फलाटावरून तीन-चार तासांनी निघायचो. नाताळला त्याच्याकडून सुकेळी यायची, दिवाळीला आमच्याकडून फराळ जायचा, आणि लग्नकार्यात भेट. एवढंच. मग गेलं ते नेमकं काय? ऑगस्टिनच कबूल करतो की त्यांची खरी मैत्री जेमतेम वर्षभराची होती, म्हणजे सहवासाचं माप इथे चालत नाही. बालमित्र हा आपल्या लहानपणाचा साक्षीदार असतो असं म्हणायची रीत आहे. माझा अनुभव उलटा. तो माझा साक्षीदार कधीच नव्हता, तो विरुद्ध पक्षाचा वकील होता. बावखलात, म्हणजे गावच्या तळ्यात, सायकल कुणी घातली यावर आम्ही चाळीसएक वर्षं भांडलो. मी म्हणायचो त्याने, तो म्हणायचा मी. आणि तो इतक्या बारकाव्यांनिशी सांगायचा की ऐकणारे त्याच्या बाजूचे व्हायचे. आता मी म्हणेन तेच खरं. कुणी हरकत घेत नाही. परवा भाच्यांना ही गोष्ट सांगताना सायकल त्याने घातली असं मी ठणकावून सांगितलं, पोरं हसली, आणि गोष्ट इतकी बेचव लागली की पुन्हा सांगेन असं वाटत नाही.

मित्र गेल्यावर ऑगस्टिनला गाव खायला उठलं. जिथे तिथे डोळे त्यालाच शोधायचे, म्हणून ज्या शहरात डोळ्यांना त्याची सवय नव्हती तिथे, कार्थेजला, तो निघून गेला. वसईकराला हा उपाय करायची गरज नाही. इथे माणूस जागेवर राहतो आणि गावच निघून जातं. 1990 मध्ये वसई-विरारचं नियोजन सिडकोकडे गेलं, हरित वसईचं आंदोलन पेटलं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्यात पुढे होते. थोडं वाचलं, पुष्कळ गेलं. 2009 मध्ये महापालिका आली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. आमची सायकल ज्या बावखलात गेली तिथे आता बुजवलेल्या जमिनीवर गाड्या उभ्या राहतात. म्हणजे डोळ्यांनी त्याला शोधावं अशी जागाच उरलेली नाही. तरी शोधायचं थांबत नाही, तेव्हा ऑगस्टिनच्या उपायावर माझा विश्वास नाही.

या बदलावर नुसतं उसासे टाकायला मात्र मला आवडत नाही. आजच्या नालासोपाऱ्यात एका बाकावर जौनपूरचा, रत्नागिरीचा आणि भावनगरचा अशी तीन मुलं बसत असतील, आणि तिथेही कुणी शिक्षक त्यांना उंचीप्रमाणेच बसवत असेल. आळ्या गेल्या, सोसायट्या आल्या. बाकाचं काम चालूच आहे. दिब्रिटो 25 जुलै 2024 रोजी गेले तेव्हा सगळ्या समाजांतले लोक हळहळले. लेखक गेला, संमेलनाध्यक्ष गेला, चळवळीतला माणूस गेला, असं जो तो म्हणाला. नंदाखालच्या त्यांच्या वर्गातलं कुणी मागे उरलं असेल तर ते काय म्हणालं असेल, याचं मला तेव्हाही कुतूहल होतं.

सर्वपित्रीला आमच्याकडे तर्पण असतं. पितर झाले, मातुल झाले, सासरे झाले की यादीच्या अगदी शेवटी गुरू, शिष्य, मित्र आणि आप्त येतात. इतकी वर्षं ते शब्द कानावरून जायचे. या वेळी मी गुरुजींना थांबवून त्याचं नाव सांगितलं. नाव ऐकून त्यांनी मान वर केली, क्षणभर विचार केला आणि विचारलं, “गोत्र?” मी म्हटलं, कुठून आणू? “मग काश्यप म्हणा,” ते म्हणाले, “माहीत नसलं की काश्यप.” मी म्हटलं. पाणी सोडताना माझ्या मनात आलं की पोर्तुगीज 1534 मध्ये वसईत आले, त्यानंतर धर्म बदललेल्यांत सामवेदीही होते असं दोन्ही आळ्यांत सांगतात. म्हणजे कोण जाणे, त्याचं आणि माझं गोत्र एकच असेल, आणि मग सुतकाच्या हिशोबात माझीही कुठेतरी जागा निघाली असती. हे त्याला सांगितलं असतं तर त्याने आधी जमिनीत वाटा मागितला असता. नोव्हेंबरमध्ये त्यांच्याकडे मृतांसाठी मिस्सा असतो, त्यासाठी नावं लिहून द्यायची असतात. त्याचं नाव त्याच्या घरचे देतीलच. माझ्या वडिलांचं नाव त्या कागदावर चालेल का, हे त्याच्या बायकोला विचारायचं आहे. तेही त्याला चांगले ओळखायचे, आणि सायकल त्यांचीच होती.